नीलगरुडाचं वजन

१

संकल्प तायडेला मी चोर ठरवलं त्याला आठ दिवस झाले होते, आणि त्या आठ दिवसांत मला एकदाही वाईट वाटलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी फार हुशारीने वागले असं वाटलं, तरी कोणी फसू नये.

मी मधुवंती. मूळची साताऱ्याची, सहा वर्षं जयपुरात, सीतापुऱ्याच्या एका आयटी कंपनीत. फावल्या वेळात 'कार्डकट्टा जयपूर' नावाचा फेसबुक ग्रुप चालवते. चारशे मेंबर, त्यात निम्मे मराठी. कार्डं म्हणजे रमीचे पत्ते नव्हेत. 'नवखंड' नावाच्या खेळाची चित्रांची कार्डं बंद पाकिटात मिळतात. पाकीट फाडल्यावर आत काय निघेल ते आपलं नशीब. त्यातला नीलगरुड हजार पाकिटांत एखादाच निघतो, आणि तो मिळवण्यासाठी चांगली शिकलीसवरलेली माणसं लहान मुलांसारखी भांडतात.

दुर्मीळ कार्ड म्हटलं की नकली आलंच. म्हणून आमच्या ग्रुपची एक रीत होती. विकणाऱ्याने कार्डाचा फोटो टाकायचा आणि त्यातले दोष प्रामाणिकपणे लिहायचे. कार्ड आधी माझ्याकडे यायचं. माझ्याकडे एक अस्सल नीलगरुड होता, त्याला आम्ही नमुना म्हणायचो. जवाहिऱ्याच्या काट्यावर आधी नमुना तोलायचा, मग आलेलं कार्ड, आणि हे सगळं व्हिडिओत. वजन जुळलं तर कार्ड गिऱ्हाइकाकडे. नाही जुळलं तर नकली. नकली कार्ड परत द्यायचं नाही, कारण विकणारा ते दुसरीकडे खपवणार. माझा सहअ‍ॅडमिन शुभंकर ते कॅमेऱ्यासमोर कात्रीने कापायचा. ग्रुपमध्ये येतानाच प्रत्येकाने हे कबूल केलेलं असायचं.

संकल्पचा नीलगरुड जुळला नाही. मी त्याचा फोटो, नाव आणि 'झोटवाडा' असा पत्ता काळ्या यादीत टाकला. त्याचे वडील रेल्वेत आहेत हे कळल्यावर खाली एक विनोदही जोडला : 'मालगाडीला रंग दिला म्हणून ती एक्सप्रेस होत नाही.' सत्त्याऐंशी जणांना हसू आलं. मला बरं वाटलं होतं.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. खाली गेटपाशी एक मुलगा मान खाली घालून उभा होता. फोटोवरून मी त्याला लगेच ओळखलं.

"मी मीराबाई," त्या म्हणाल्या. "संकल्पची आई. माह्या नखानं पडली होती थे चीर. तुमी पाह्यली का?"

२

मला काही कळेना. बसा म्हटलं तर त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच सांगू लागल्या. बडनेऱ्याहून बदली होऊन आलेलं कुटुंब, नवरा उत्तम रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीवर. संकल्प आयटीआय पास झाला त्या दिवशी त्याने ते पाकीट आईसमोर फाडलं होतं. नीलगरुड निघाला तेव्हा तो घरभर नाचला. मीराबाई कौतुकाने ते कार्ड डब्यात ठेवताना त्यांचं नख लागलं आणि कोपऱ्याला चीर पडली.

"त्यानं लिहिलं बी होतं तसं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कायले लिहितं, भाव पडते. तर म्हने, आई, लपवनं म्हंजे खोटं बोलनंच."

"पण काकू, वजन..."

"वजनाचं मले नाई समजत. विहारात संध्याकाळी तो कॉलनीतल्या पोरायले गणित शिकवते. चाळीस पोरं यायची. तुमचं लिहिलेलं कॉलनीच्या ग्रुपवर फिरलं. आता तीन येतात. नकली माल विकनाऱ्याजवळ कोन पोरं धाडंल? तो आता घराभाईर निंघत नाई. आज मीच वढून आनला."

एवढं बोलून त्या निघाल्या. मी चहाचंही विचारलं नाही.

त्यांचं मन राखावं म्हणून मी संकल्पची जुनी पोस्ट काढली. 'खाली डावीकडे नखाची चीर आहे, फोटो पहा.' खरंच होती, तांदळाएवढी. माझा तोलण्याचा व्हिडिओ पाहिला. त्यातही चीर होती. म्हणजे संकल्पने पाठवलेलं कार्डच माझ्या काट्यावर आलं होतं. मग शुभंकरचा कापण्याचा व्हिडिओ लावला. कार्ड कॅमेऱ्यासमोर दोन्ही बाजूंनी फिरवलेलं होतं, उजेड लख्ख.

चारही कोपरे धड होते.

मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. कापलं गेलेलं कार्ड संकल्पचं नव्हतंच. माझ्या हातून निघाल्यावर आणि कात्रीखाली जाण्याआधी कोणीतरी ते बदललं होतं. पण माझा काटा सांगत होता की संकल्पचं कार्ड नकली आहे. नकली कार्ड चोरण्याचा उद्योग कोण करेल?

३

कार्डाचा प्रवास छोटा होता. माझ्या घरातून शुभंकरच्या घरी. या प्रवासात तीन माणसांचा संबंध आला होता.

पहिली सोनल, माझ्यासोबत फ्लॅटमध्ये राहणारी. ती हॉटेलात रिसेप्शनवर काम करते आणि कार्डांना 'तुमची ती चित्रं' म्हणते.

"तुझी पाकिटं फ्रिजवर पडलेली असतात," ती म्हणाली. "मी फक्त बाजूला सारते. चोरायचंच असतं तर तुझं तूप चोरलं असतं. आणि मधु, त्या पोरावर तू लिहिलेलं मी वाचलं होतं. तुला तेव्हाच बोलणार होते."

"मग का नाही बोललीस?"

"तू ते मोठ्याने वाचून हसत होतीस गं."

दुसरा अमेय, माझ्याच ऑफिसातला. कापायची कार्डं तो शुभंकरकडे पोचवायचा, कारण त्याचं घर त्याच रस्त्यावर आहे. मी विचारल्यावर त्याचा चेहरा पडला.

"मी पाकीट उघडलं नाही. तू चिकटवलेलं, तसंच त्याला दिलं." मग म्हणाला, "एक मात्र आहे. वीस जानेवारीला जयपूरजवळच्या चौमूं गावातल्या मेळाव्यात दाखवायला मी नमुना मागून नेला होता. दोन दिवस माझ्याकडे होता. आता तुला माझाच संशय येणार."

मला आला होताच.

तिसरा शुभंकर. पुण्याचा, बोलायला गोड, ग्रुपमधल्या प्रत्येकाचा वाढदिवस लक्षात ठेवणारा. मी फोन केला तर तो हसला.

"अगं, चीर बीर मोबाइलच्या कॅमेऱ्यात नाही दिसत. आई आहे ती, येणारच रडायला. काटा खोटं बोलतो का? तू स्वतः तोललंस ना?"

मीच तोललं होतं. तिथेच घोडं पेंड खात होतं.

४

काटा आमच्या घरमालकांचा. गोपीनाथजींनी चाळीस वर्षं जौहरी बाजारात खडे पारखले, आता वरच्या मजल्यावर आराम करतात. काटाच बिघडला असेल अशी मला आशा होती. खरं सांगायचं तर मला कोणत्याही माणसापेक्षा काट्याला दोषी ठरवायला आवडलं असतं.

त्यांनी कपाटातून पितळी वजनं काढली, एकेक ठेवून पाहिली आणि मान हलवली. "काँटा सही है, बेटा. किस्सा क्या है?"

मी सांगितलं. या वर्षात तीन नीलगरुड नकली निघाले. जानेवारीत बस्सीच्या प्रभाकरकाकांचा, ते बँकेत मॅनेजर. फेब्रुवारीत चौमूंच्या डॉक्टर दिनकररावांचा. मार्चमध्ये संकल्पचा. हे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत.

"तीनों का वज़न कितना?"

ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त नमुन्याशी जुळतं की नाही एवढंच बघायचे. तिथेच फोनवर व्हिडिओ काढले. प्रभाकरकाकांचं कार्ड एक पूर्णांक चौऱ्याऐंशी ग्रॅम. दिनकररावांचं एक चौऱ्याऐंशी. संकल्पचं एक त्र्याऐंशी.

गोपीनाथजींनी चष्मा काढला. "तीन जगह का माल, तीन अनजान लोग, और तीनों में खोट एक बराबर? हमारे यहाँ ऐसा हो तो नगीने को बाद में देखते हैं. पहले देखते हैं कि मिलाया किससे."



मी खाली आले आणि जुने व्हिडिओ एकेक करून उघडले. प्रत्येकात सुरुवातीला नमुना काट्यावर होता आणि त्याचा आकडा स्वच्छ दिसत होता. गेल्या वर्षभरात सगळीकडे एक चौऱ्याऐंशी. नऊ जानेवारीला एक चौऱ्याऐंशी. सोळा जानेवारीला एक एकाहत्तर. तिथून पुढे प्रत्येक वेळी एक एकाहत्तर.

तीन माणसांची कार्डं अस्सल होती. नकली होता तो माझा नमुना. आणि तो आकडा मी स्वतःच चारशे लोकांना दाखवत होते.

नऊ ते सोळा जानेवारी. अमेयने नमुना नेला तो वीसला, म्हणजे तेव्हा तो आधीच बदललेला होता. सोनल आठ तारखेला नागपूरला माहेरी गेली ती अठराला परतली, तिला आणायला स्टेशनवर मीच गेले होते. त्या आठवड्यात माझ्या घरी बाहेरचे लोक आले ते एकाच दिवशी, संक्रांतीला, पतंग उडवायला. सगळे दिवसभर गच्चीवर होते. अमेय माझ्या मागे माझी चरखी धरून उभा होता, एक क्षण हलला नाही, कारण हलला की मी ओरडत होते. खाली फक्त एकजण गेला होता. त्याचं बोट मांज्याने कापलं होतं, आणि पट्टी कुठे आहे हे मीच त्याला सांगितलं होतं. त्याच कपाटात, नमुन्याच्या डबीशेजारी.

५

शुभंकरच्या घरी मी एकटी गेले नाही. अमेयला घेऊन गेले. मालवीय नगरातला नीटनेटका फ्लॅट, टेबलावर फुलदाणी. मी नमुन्याची डबी टेबलावर ठेवली आणि आकडे वाचून दाखवले.

तो नाही म्हणाला. मग म्हणाला की कोणीही करू शकतं. मग मी चिरेचं सांगितलं. "तू म्हणालास, मोबाइलच्या कॅमेऱ्यात चीर दिसत नाही. माझ्या व्हिडिओत ती दिसते, शुभंकर. आणि माझा फोन तुझ्यापेक्षा जुना आहे. तू कापलास तो नीलगरुड तुझ्याकडच्या नकली गठ्ठ्यातला एक. नमुन्याच्या जागी ठेवलास तोही त्यातलाच. अस्सल कार्ड काट्यावर हरायचं, लोक स्वतःच्या हाताने ते सोडून द्यायचे, आणि कापायच्या निमित्ताने ते तुझ्या घरी यायचं. मालक मागायलाही येणार नाही, कारण त्याला तोंड लपवायचं असणार."

अमेय दाराला पाठ लावून उभा होता.  शुभंकर उठला, त्याने पुस्तकांच्या मागून एक पातळ फोल्डर काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. आत एकच नीलगरुड होता. खाली डावीकडे चीर. बाकीचे दोन आणि माझा नमुना त्याने केव्हाच दुसऱ्या शहरांत विकले होते.

"तुझं नाव काळ्या यादीत जाणार," मी म्हणाले.

"जाऊ दे." तो हसला, पण गोड नाही. "पण मधु, मी फक्त एक कार्ड बदललं. बाकी तू केलंस. प्रभाकरकाकांचं कार्ड तू तीनदा तोललंस, आठवतं? फोन करून म्हणालीस, काका, तुमची फसवणूक झालेली दिसते. डॉक्टरांचंही तसंच. त्या दोघांची नावं टाकली नाहीस, भल्या माणसांची अब्रू म्हणून. संकल्पचं किती वेळा तोललंस?"

 एकदा. फोन तर केलाच नव्हता. त्याचे चार मेसेज आले होते, 'दीदी, मतलब एकदा परत चेक करा ना प्लीज,' आणि मी ते धड न वाचता त्याला ग्रुपमधून काढलं होतं.

"मला खात्री होती," शुभंकर म्हणाला, "की त्याच्या बाबतीत तू दुसऱ्यांदा बघणार नाहीस. म्हणून तर त्याचं कार्ड ग्रुपवर आलं तेव्हा मी निश्चिंत होतो."

जिना उतरताना अमेय काहीतरी समजुतीचं बोलत होता. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. चोर सापडला होता, कोडं सुटलं होतं, आणि मला शरमेने वर बघवत नव्हतं.

६

त्याच दुपारी मी सगळं ग्रुपवर लिहिलं. शुभंकरचं नाव, आकडे, तारखा. संकल्पचं नाव काढलं. प्रभाकरकाकांना आणि डॉक्टरांना फोन केले. दोघांनीही मोठ्या मनाने, असू दे गं, म्हटलं. ते सोपं होतं. मग नीलगरुड घेऊन झोटवाड्याला गेले.

रेल्वे कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. उत्तमराव ड्यूटीवरून नुकतेच आले होते, गणवेशातच होते. संकल्पने कार्ड घेतलं, कोपरा पाहिला आणि ते आईच्या हातात दिलं. मला पाणी त्यानेच आणून दिलं.

"माफ करा," मी म्हणाले. "नाव काढलंय. माफीची पोस्टही टाकली आहे."

"वाचली," उत्तमराव म्हणाले. "चांगली लिहिली तुमी. पन इथल्या लोकायनं तुमच्या ग्रुपवर नाई वाचलं ना ताई. इथं तर कोनीतरी फोटो काढून धाडला होता. तुमची माफी कोन धाडंल? चांगली गोष्ट कोनी फिरवत नाई."

"मी काय करू सांगा."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मीराबाईंनी पदर खोचला. "चला माह्या संगं. ज्या ज्या घरची पोरं यायची बंद झाली, त्या घरी तोंडानं सांगा."

"आई, राहू दे," संकल्प म्हणाला. "दीदींना ऑकवर्ड होईल."

"होऊ दे," मीराबाई म्हणाल्या. "तू बी चाल. तुह्यासमोर सांगतील."

पहिल्या दारी मला नीट बोलता आलं नाही.  मी चुकले, संकल्प निर्दोष आहे, चोर दुसराच निघाला, एवढं हिंदीत कसंबसं म्हटलं. त्या घरच्या बाई म्हणाल्या, अच्छा जी, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दारी जरा बरं गेलं. तिसऱ्या दारी मी नमुना, काटा, वजन असं व्यवस्थित समजावून सांगायला लागले, आणि माझं मलाच कळलं की मी पुन्हा हुशारी दाखवते आहे.

चौथं दार इंदुबाईंचं. अकोल्याकडच्या, सत्तरीच्या, त्यांचे तीन नातू संकल्पकडे शिकायचे. त्यांनी मला शेवटपर्यंत, बाकीच्या दोघांची नावं मी टाकली नव्हती इथवर, बोलू दिलं. 

"थे वजनाचं समजलं," त्या म्हणाल्या. "काटा फसला, तुमी फसल्या. पन बाई, बाकीच्या दोघायचं नाव तुमी लावलं नाई म्हनता. मंग ह्याचंच काऊन लावलं?"

नजरचूक झाली, असं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. कामाची घाई होती, हेही होतं. दोन्ही चालून गेली असती. संकल्प दोन पावलांवर उभा होता आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहत होता. त्यालाही हेच विचारायचं होतं हे मला दिसलं, आणि त्याने ते कधीच विचारलं नसतं.

"तोलायच्या आधीच ठरवलं होतं मी," मी म्हणाले. "त्याने कार्डासोबत व्हिडिओ पाठवला होता. त्यात मागे हे घर दिसत होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मला वाटलं, ह्यांच्या घरी नीलगरुड कुठून येणार. म्हणून एकदाच तोललं."

 इंदुबाईंच्या मागे, त्यांच्या भिंतीवर, तोच फोटो होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. संकल्पने मात्र मान खाली घातली, जशी त्याने त्या रविवारी माझ्या गेटपाशी घातली होती, आणि चपलेच्या अंगठ्याशी चाळा करू लागला. मी काय बोलले ते त्याला आधीपासून ठाऊक होतं. ते माझ्या तोंडून ऐकायला लागू नये, एवढीच त्याची इच्छा असावी, आणि तीही मी मोडली होती.

मला वाटलं, आता मीराबाई मला घरी जा म्हणतील. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी ते पदराने पुसले आणि माझं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं.

"आता हे बी सांगा," त्या म्हणाल्या. "पुढच्या दारी हे बी सांगा. चला, आजून नऊ घरं हायेत."